सत्तर किलोचा नांगर

मुलीनं लग्नासाठी मुलगा निवडला तेव्हा घरात तीन हरकती निघाल्या. बायकोची हरकत मासळीची होती. आमच्या घरात मासळी शिजत नाही आणि मुलाचं घर किनाऱ्यावर. मेहुण्याची हरकत अंतराची होती. तो मुरगूडला शेती करतो आणि त्याच्या मते आंबा घाट उतरला की परदेश सुरू होतो. माझी हरकत नोकरीची होती. मुलगा एका जुन्या बंदराच्या गावात पुरातत्त्व संग्रहालयात कामाला होता. तिथं तो नेमकं काय करतो, असं विचारल्यावर मुलगी म्हणाली, "खापऱ्यांची नोंद ठेवतो." मी शिरोलीला फाउंड्रीत ओतलेला माल तपासतो. आमच्याकडं फुटलेला माल परत भट्टीत जातो. तो सांभाळायचा कुणी पगार देतं, हे मला नवीन होतं.

मुलगी पुण्यात नोकरी करते. तिनं वाद घातला नाही. फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, तुमच्या होकाराशिवाय मी लग्न करणार नाही. पण दुसरा मुलगाही बघणार नाही. तुम्ही एकदा त्याला बघा आणि मग नाही म्हणा. न बघता म्हणू नका." मापं घेतल्याशिवाय माल नापास करायचा नसतो, हे मी तिला शाळेत असल्यापासून ऐकवत आलोय. त्यामुळं मला बोलायला जागा राहिली नाही.

मुलगा बघायचा म्हणजे त्याच्या घरी जायचं, पोहे खायचे आणि त्याच्या वडिलांशी पावसापाण्यावर बोलायचं, ही रीत मला पटत नाही. घरी सगळेच नीट वागतात. माणूस कामावर बघावा. म्हणून मी ठरवलं की एका शनिवारी न कळवता जायचं, रीतसर तिकीट काढून संग्रहालय बघायचं आणि बघता बघता मुलगाही बघून घ्यायचा. आपण कोण ते सांगायचं नाही.

"म्हणजे चोरून बघायचं," बायको म्हणाली.

"चोरून नाही. न कळवता."

"बरं. न कळवता चोरून."

मेहुण्याला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. पण गाडी त्याचीच घ्यायची होती, त्यामुळं गाडीबरोबर तोही आला. मलकापूरला चहाला थांबलो तर मी पैसे देईपर्यंत त्यानं चहावाल्याला सगळं सांगून टाकलं होतं. "पावणं, भाचीसाठी पोरगं बघाय निघालोय. पर गुपचूप हाय, कुणाला बोलू नगा." चहावाल्यानं आम्हाला शुभेच्छा दिल्या. शेजारच्या टपरीवाल्यानंही दिल्या.

संग्रहालय बंदराजवळच्या एका जुन्या गोदामात होतं. आम्ही पोचलो तेव्हा दुसरं कुणीच नव्हतं. दाराजवळच्या टेबलाशी मुलगा बसला होता. मुलीच्या फोनमध्ये मी त्याला पाहिलं होतं, प्रत्यक्षात जरा किरकोळ वाटला. त्यानं तिकिटं दिली, म्हणाला, "फोटो काढा, पण फ्लॅश नको. आणि कशालाही हात लावू नका," आणि परत मान खाली घालून ब्रशनं एक खापरी साफ करू लागला. तीन माणसं एवढा घाट उतरून आली, कुठून आलात एवढंही त्यानं विचारलं नाही. मला ते थोडं लागलं. पण बघायला आलेल्या माणसानं लागून घ्यायचं नसतं, म्हणून आत गेलो.

आत काचेच्या कपाटांतून खापऱ्या मांडल्या होत्या. शंखाच्या बांगड्या होत्या, मणी होते, आणि समुद्रापलीकडून दारू भरून आलेल्या रांजणांचे कान होते. बायको बांगड्यांपाशी थांबली. "तेव्हासुद्धा फुटायच्याच की," असं ती म्हणाली आणि तिला बरं वाटलं. मी माझ्या सवयीनं आकडे बघत निघालो. प्रत्येक तुकड्यावर शाईनं बारीक नंबर होता. नंबर ओळीनं होते. एक नंबर मध्येच गायब दिसला तेव्हा मी मनात म्हटलं, सापडला. पण त्या जागी चिठ्ठी होती की तुकडा जोडण्यासाठी बाहेर काढलाय. खरं सांगायचं तर माझी थोडी निराशा झाली.

तेवढ्यात पलीकडच्या दालनातून मेहुण्याचा आवाज आला.

"दाजी! ओ दाजी! हिकडं या. ह्येनी काय लिवलंय बघा की."

दालनाच्या मधोमध बुटक्या लाकडी चौथऱ्यावर एक काळा तिकोनी दगड उभा केला होता. वर निमुळता, खाली रुंद. वरच्या टोकाला एक भोक आणि खाली दोन. पाटीवर लिहिलं होतं, 'दगडी नांगर'. खाली उंची, रुंदी, जाडी आणि वजन सुमारे सत्तर किलो.

"ह्यो नांगर?" मेहुणा म्हणाला. "फाळ कुठाय? रुमणं कुठाय? ह्येला वढाय बैलं न्हाय चालायची, हत्ती लागंल."

मी त्याला सांगितलं की हा जहाजाचा नांगर आहे, पाण्यात टाकतात.

"पाणी नांगरत्यात व्हय ही लोकं?"

"नांगरत नाहीत. जहाज वाहून जाऊ नये म्हणून दोराला बांधून तळाशी सोडतात."

"मग दावं म्हणा की सरळ! जनावर जाग्यावर ऱ्हावाय दावं लावत्यात. नांगर लावला तर ते चालाय लागंल."

बायको तोंडावर पदर धरून बांगड्यांकडं परत गेली.

मेहुण्यानं दगडाला एक फेरी मारली आणि निकाल दिला. "दाजी, ह्येनी फशीवलंय. ह्यो नाल हाय." नाल म्हणजे आमच्याकडं तालमीत पैलवान उचलतात तो भोकाचा दगड. मेहुणा तरुणपणी तालमीत जात होता, हे आमच्या नात्यातल्या प्रत्येक लग्नात सगळ्यांना कळतं. "ह्ये भोक मुठीसाठी. आन सत्तर किलो? छाट. ह्यो शंभराच्या खाली न्हाय. सत्तर तर मी न्याहारीच्या आधी उचलत हुतो." असं म्हणून त्यानं बाही वर सारली, पाय फाकवले आणि वरच्या भोकात हात घातला.

"मामा, हात काढा."

मुलगा दारात उभा होता. आवाज चढवलेला नव्हता, पण त्यात आर्जवही नव्हतं.

"पावणं, उचलत न्हाय ओ. नुस्तं बघाय लागलोय."

"बघायला डोळे पुरतात. हात काढा."

मेहुण्यानं हात काढला. आमच्या बाजूची जरा शोभा झाली, ती सावरावी म्हणून मी खिशातून टेप काढला. खिशात टेप असल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही.

"काका, टेप पण नको. पत्र्यानं ओरखडा पडतो. मापं पाटीवर आहेत."

मी टेप परत खिशात टाकला. पण मापं पाटीवर आहेत म्हटल्यावर मला हिशेब करायला कुणी अडवू शकत नव्हतं. हे माझं रोजचं काम आहे. उंची गुणिले रुंदी, तिकोन म्हणून निम्मं, गुणिले जाडी. सव्वीस लिटर आणि वर थोडं. त्याचं वजन काढलं आणि फरक बघून मला मनातून आनंद झाला.

"हे एकशे एकोणनव्वद किलो होतं," मी म्हणालो. "पाटीवर सत्तर लिहिलंय. एवढा फरक चालत नाही."

"बगा!" मेहुणा म्हणाला. "म्या काय म्हणत हुतो?"

मुलगा जवळ आला. पाटी वाचली. त्याचे ओठ थोडा वेळ हलत राहिले. मग तो म्हणाला, "काका, घनफळ बरोबर आहे. पण तुम्ही बीडाचं वजन काढलंत. हा दगड आहे."

बीड म्हणजे ओतीव लोखंड. एका लिटरला सात किलो दोनशे ग्रॅम. आयुष्यभर हा एकच आकडा गुणत आल्यामुळं, समोर काहीही असो, माझं डोकं त्यात बीड ओततं. मी परत गुणाकार केला. दगडाचे लिटरला पावणेतीन किलो धरले, भोकं वजा केली. सत्तर आलं.

मेहुण्याला हसू आवरेना, त्यानं भिंतीचा आधार घेतला. आमचा आवाज ऐकून परत आलेली बायको मात्र हसली नाही. ती मुलाकडं बघत होती.

"हे बीडाचं गणित तुला कसं कळलं रे?" तिनं विचारलं.

मुलाचे कान लाल झाले. "म्हणजे... काका शिरोलीला..."

"आणि ह्यांना काका आणि ह्याला मामा, हे बरोबर जमलं की तुला."

"काकू, तिनं सगळ्यांचे फोटो दाखवलेत. तुम्ही गाडीतून उतरलात तेव्हाच ओळखलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत. मला वाटलं, तुमचं काहीतरी ठरलं असेल."

मी त्याला विचारलं, "आम्ही कोण ते माहीत असून तू मामांना हात काढा म्हणालास?"

"म्हणालो, आणि लगेच वाटलं, गेलं आता सगळं." त्यानं खाली बघितलं. "पण काका, वरच्या भोकाशी चीर आहे. मामांनी नेमकं तिथंच धरलं होतं."

मी वाकून बघितलं. केसाएवढी चीर होती. असल्या चिरा शोधायचाच मला पगार मिळतो, आणि मी तिच्यासमोर उभा राहून वजन दुरुस्त करत होतो.

मालकाचा पाहुणा मशीनजवळ जाऊन हात घालायला लागला तर त्याला "मागं व्हा" म्हणणारा माणूस आमच्या फाउंड्रीत सापडत नाही. इथं तर पाहुणे ह्याचंच लग्न ठरवायला आले होते.

मेहुणा हसायचा थांबला होता. "चुकलं पावणं," तो म्हणाला. आमच्याकडं अनोळखी माणसालाही पावणं म्हणतात आणि सोयऱ्यालाही. त्यानं ह्यावेळी कुठल्या अर्थानं म्हटलं ते मी विचारलं नाही.

मी मुलाला एवढंच विचारलं, "नोकरी कायम आहे का?"

"नाही काका. कंत्राटी आहे. दरवर्षी वाढवून घ्यावी लागते."

ह्या उत्तराचं मला अजूनही समाधान नाही, आणि ते मी लपवत नाही. पण त्यानंही लपवलं नव्हतं.

बाहेर येऊन मुलीला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"संग्रहालय बघितलं," मी म्हणालो.

"कसं आहे?"

"पाट्या बरोबर आहेत."

"बाबा!"

"नोकरी कंत्राटी आहे."

"ते मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं. बाबा, नाही म्हणायचं असेल तर सरळ म्हणा."

"नाही म्हणायचं नाही."

तिकडून काही ऐकू येईना. मला वाटलं रेंज गेली. "ऐकू येतंय का?"

"येतंय. मग काय म्हणायचंय?"

"हो म्हणायचंय."

ती म्हणाली, "आईला द्या."

बायकोनं फोन कानाला लावला, ऐकलं, हसली आणि पदरानं डोळे पुसले.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, बाबांना लगेच गाडीत बसव, दुसरं काही मोजायच्या आत."

मी गाडीत बसलो. तोवर जेवणाची सुट्टी झाली होती. मुलानं दाराला कुलूप लावलं, मोटारसायकल काढली आणि आमच्या गाडीपुढं आणून उभी केली. जेवायला घरीच चला, असं त्यानं सांगितलं होतं. मी म्हटलं, असं अचानक जाणं बरं नाही, घरच्यांची धावपळ होईल. मेहुण्यानं काच खाली करून त्याला तसं विचारलं. तो म्हणाला, "आईला सकाळीच कळवलंय मामा. तुम्ही गाडी लावत होता तेव्हाच."