दर्याला निघालेला माणूस

वाळत घातलेल्या मासळीचा वास आला की ती घटना मला अजून जशीच्या तशी आठवते. आता मी निवृत्त आहे. घरात ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे की मी "एकदा काय झालं" म्हटलं की मुलगी पुढचं वाक्य म्हणून टाकते आणि बायको कुकर लावायला उठते. म्हणून या वेळी लिहून काढतो. वाचक मध्येच उठून गेला तरी निदान मला दिसत नाही.

तेव्हा मी अंबरनाथमधल्या एका पोलीस ठाण्यात होतो. बुवापाड्यात राहणारा, कारखान्यात फिटर असलेला एक तरुण वडील बेपत्ता असल्याची तक्रार घेऊन आला. वडील रायगडच्या किनाऱ्यासमोरच्या एका लहानशा बेटावरचे, जन्मभर मासेमारी केलेले. आई वारल्यावर मुलाने त्यांना इकडे आणलं होतं. आम्ही मिसिंग दाखल केली, फोटो घेतला, आजूबाजूच्या ठाण्यांना कळवलं. पुढे बदलापूरकडे उल्हास नदीत एक अनोळखी प्रेत मिळालं. ओळख पटवायला मुलाला नेलं. ते दुसऱ्याच कुणाचं निघालं. पण चादर सरकवली तेव्हा तो डोळे मिटून उभा होता, हे मी पाहिलं आणि भीतीऐवजी अपराधीपणा, असा त्याचा उलटा अर्थ लावला.

कारण तोवर एक निनावी फोन आला होता. "साहेब, म्हाताऱ्याला बाहेर काय शोधताय? पोराला विचारा ना. आदल्या संध्याकाळी केवढा राडा झाला, आख्ख्या चाळीने ऐकलाय."

मुलाला चौकशीसाठी बोलावलं. भांडण झाल्याचं त्याने लगेच कबूल केलं. वडील बेटावर परत जायचा हट्ट धरून होते आणि हा चिडून म्हणाला होता, "तिथे आता तुमचं आहे कोण?"

"बरं. सकाळी काय झालं?"

"बायको कामावर गेली होती. बाबा पिशवी घेऊन दारातून गेले."

"आणि तू?"

"समोरच होतो. दाढी करत होतो."

"कुठे चाललात, असं विचारलं नाहीस?"

"नाही."

"का?"

तो म्हणाला, "बाबांनी होडीवर जायची टोपी घातली होती, साहेब. म्हणजे दर्याला निघालेले. म्हणून नाही विचारलं."

"अंबरनाथला दर्या कुठून आला रे?" मी म्हणालो, आणि सगळे हसले. साहेबाच्या विनोदाला ठाण्यात कधीच कमी दाद मिळत नाही. तो मात्र मिटला तो मिटलाच. बोलावलं की यायचा, बाकावर बसायचा, आणि काहीही विचारलं तरी तेच: "विचारलं नाही, साहेब."

माझा हवालदार उल्हासनगरचा, सिंधी दुकानदारांमध्ये लहानाचा मोठा झालेला. तो म्हणाला, "साहेब, खोटं बोलणारा जरा चकचकीत माल दाखवतो. असला डॅमेज पीस घेऊन कोण बसेल दुकानात?"

मी त्याला चहा सांगायला पाठवलं.

बेटावर मुलाने स्वतः फोन लावून पाहिला होता. आम्हीही तिथल्या ठाण्यामार्फत विचारलं. दोन्हीकडून उत्तर एकच, की इथे आलेला नाही. तरी बापलेकाचं आधी कसं होतं याचे जबाब हवे होते. थोडक्यात, मी बेटावर गेलो तो संशय पक्का करायला.

बंदरावर पोचल्यावर मी रुबाबात विचारलं, "होडी कधी सुटणार?"

होडीवाल्याने समोरच्या चिखलाकडे बोट दाखवलं. "पानी आल्यावर."

"आणि पाणी कधी येणार?"

"ते काय माझ्या हाताखाली हाय, सायेब?"

शेवटी पाणी आलं. होडीत गॅसचे सिलिंडर होते, रेशनचा तांदूळ होता, एक शेळी होती आणि तान्हं बाळ घेऊन घरी निघालेली एक बाळंतीण. वाटेत बाळंतिणीला काही झालं नाही, शेळीलाही नाही. काठावर ओणवा झालो तो फक्त मी. बेटाला धक्का नव्हता. गुडघाभर चिखलातून आम्ही चालत गेलो, हवालदार नवे बूट डोक्यावर धरून.

बेटावर एक विहीर, एक देऊळ, चौथीपर्यंतची शाळा आणि जिकडेतिकडे दोऱ्यांवर टांगलेले बोंबील. डॉक्टर नाही. ताप आला तर तोही भरतीची वाट बघतो. लोकांनी आम्हाला तांदळाची भाकरी आणि कालवण पोटभर वाढलं आणि फोटो बघून एकजात सांगितलं, "नाय बघितला." फोटो मुलाच्या लग्नातला होता. त्यात बाप कोट-फेट्यात, दाढी गुळगुळीत केलेला.

दुसऱ्या सकाळी भरती लागली होती. चारपाच जण होडी पाण्यात ढकलत होते. आदल्या दिवशी या लोकांचं जेवलो होतो, जरा आपुलकी दाखवावी म्हणून मी हाक मारली, "काय मंडळी, कुठे निघालात?"

सगळे हात थांबले. कुणी माझ्याकडे बघेना. मग त्यांनी होडी मागे ओढली, जाळी उतरवली आणि मुकाट्याने वाळूत बसले.

बोंबील टांगणारी एक बाई तरातरा आली. "सायेब, दर्यावर निघालेल्या मानसाला कुठं जातं ते इचारतात का? नाट लावलात तुमी. आज होडी नाय जायची. दुपारी काय वाढू, वाळू?"

"घरातलंही कुणी विचारत नाही?" मी विचारलं. "मुलगासुद्धा?"

"पोटचा हाय म्हनून तर नाय इचारत! बाप माघारी यायला नको त्याला?"

मीही वाळूत बसलो. मुलाच्या जबाबातलं एकेक वाक्य खरं होतं. मी म्हणालो, "ज्याचा फोटो दाखवतोय, त्याचा मुलगा आमच्या ठाण्यात हजेरी देतोय. बापाला मारलं, असा संशय आहे त्याच्यावर. आणि तो एवढंच म्हणतो की विचारलं नाही."

होडीला टेकून बसलेल्यांतला एक म्हातारा उठला. कमरेला रुमाल, डोक्याला टोपी, वाढलेली दाढी.

"माझ्या पोरावर कोन संशय घेतं?"

हवालदाराने फोटो काढला, म्हाताऱ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. "साहेब, काल यालाच दाखवला होता मी! नाही बघितला म्हणाला!"

"नव्हताच बघितला," म्हातारा म्हणाला. "लग्नाचा एक तरी फोटो दिलाय का पोराने मला?"

मुलगा न्यायला येईल म्हणून त्यानेच सगळ्यांना 'नाही' म्हणायला सांगितलं होतं. आता मात्र त्याला धीर नव्हता. तोवर ओहोटी सुरू झाली होती आणि होडी पुढच्या भरतीशिवाय निघणार नव्हती. जन्मभर पाण्याची वाट बघितलेला तो माणूस सारखा काठावर जाऊन चिखल बघत होता.

ठाण्यात मुलगा नेहमीच्या बाकावर बसला होता, शेजारी त्याची बायको. बापाला बघून तो उठला. बाप माझ्यावरच डाफरला, "किती वाळलाय हा! जेवायला सोडत नव्हता काय?"

स्वखुशीने गेलो होतो, असा म्हाताऱ्याचा जबाब घेतला आणि मिसिंग बंद केली. जाताना मी मुलाला विचारलं, "हे तुमच्याकडचं मला नीट सांगितलं का नाहीस?"

"सांगत होतो, साहेब," तो अगदी साधेपणाने म्हणाला. "तुम्ही हसलात."

ठाण्याच्या पायऱ्यांवर तो वडिलांना म्हणाला, "बाबा, तुम्ही तिकडेच राहा. मी सोडायला येतो."

"सोडायला नको," म्हातारा म्हणाला. "ऱ्हायला ये."

मुलाआधी सूनच म्हणाली, "येतो की. रजा टाकायला लावते मी यांना."

या प्रकरणात शेवटी ना गुन्हा होता, ना आरोपी. माणसं खोटं कसं बोलतात हे नोकरी आपोआप शिकवते. खरं कसं बोलतात, ते मला त्या बेटाने शिकवलं. खरं बोलणारा चाचरतो, अर्धवट बोलतो, त्याचं कारण आपल्याला विचित्र वाटतं, आणि समोरचा एकदा हसला की तो पुढचं गिळून टाकतो. उरलेल्या नोकरीत मी ठाण्यात विनोद पुष्कळ केले, पण ते फक्त स्वतःवर.