डबड्याला कुंकू

माझ्या नंदोईंइतका निरुपद्रवी आणि तरीही डोक्याला ताप देणारा माणूस उभ्या वाशीम जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. ते दारू पीत नाहीत, तंबाखू खात नाहीत, निवडणुकीवर बोलत नाहीत. फक्त एक जुना कॉम्प्युटर दुरुस्त करतात. आमच्या किन्हीराजात लोक सकाळी शेतात जातात, तेव्हा हे त्याचे स्क्रू काढायला बसतात. संध्याकाळी लोक घरी येतात, तेव्हा हे तेच स्क्रू परत बसवत असतात. मधल्या वेळात काय होतं ते विचारायचं नाही. एकदा विचारलं होतं, तर माझी भाकरी करपली.

माझी नणंद गावातच दिलेली, तिचं घर आमच्या भिंतीला लागून. नंदोईंनी रस्त्याकडच्या खोलीत लग्नपत्रिका आणि अर्ज टाइप करून द्यायचा धंदा काढला होता. गावातला पहिला कॉम्प्युटर त्यांचाच. वाशीमहून तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, गादीवर निजवून आणला. त्याला धूळ चालत नाही असं कोणीतरी यांना सांगितलं होतं. त्यामुळे त्या खोलीत शिरायचं तर चपला बाहेर काढायच्या आणि पाय धुवायचे. सरपंचालाही सूट नव्हती. देवळात चपला घालून शिरलेला माणूस मी पाहिला आहे, त्या खोलीत नाही. माझ्या नणंदेने आपल्या चांगल्या लुगड्याची झालरवाली खोळ त्याला शिवली. सुनेलाही तिने तसलं काही शिवलं नाही.

दसऱ्याला आमच्याकडे डवरे, विळे, कुऱ्हाडी पुजतात. कॉम्प्युटर आला तशी त्याचीही पूजा ओघाने आली. नंदोई त्याच्या पत्र्यावर हळद-कुंकवाचं बोट लावायचे आणि मोकळे व्हायचे. नणंदेला ते पटत नसे. "डबड्याले कुंकू लावून काय उपेग?" ती म्हणायची. "काम तर आतला करते." मला वाटायचं, ही नुसती बोलते. तिला बोलायची सवय होतीच.

पुढे लोकांच्या हातात मोबाइल आले, पत्रिका मोबाइलवर जाऊ लागल्या, आणि कॉम्प्युटर खोळीत निजला. मग नणंद गेली. तिची तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि नंदोईंनी खोळ काढली. चालू केला तर तो नुसता टूं टूं करायचा आणि पडदा काळाच्या काळा. तेव्हापासून हे दुरुस्तीला लागले. मला बरं वाटलं. काही पुरुष बायको गेल्यावर भजनी मंडळात जातात, त्यापेक्षा हे शांत.

पण ती शांतता फार टिकली नाही. स्क्रू ठेवायला त्यांनी नणंदेचा मिसळणाचा डबा घेतला. जिऱ्याच्या वाटीत बारीक स्क्रू, मोहरीच्या वाटीत त्याहून बारीक, हळदीच्या वाटीत चकत्या. जेवण मात्र आमच्याकडे. एकदा त्यांच्या खिशातला स्क्रू वाटीतल्या वरणात पडला आणि त्यांच्याच दाताखाली आला. दुसरा कोणी ओरडला असता. यांनी तो काढला, धुतला, उजेडात धरला आणि म्हणाले, "वहिनी, हा तर मी कालपासून हुडकून राह्यलो!" दात दुखला का, हे मी विचारलं तेव्हा त्यांना आठवलं.

कोणी तब्येत विचारली तर हे कॉम्प्युटरची सांगायचे. आसेगावचे एक दूरचे पाहुणे आले होते. "कसं काय, बरं हाय ना?" "पंखा फिरते, पण डोक्यात काहीच येत नाही," हे म्हणाले. पाहुण्यांनी जाताना मला बाजूला घेतलं आणि अकोल्याला दाखवा म्हणाले. मी म्हटलं, दाखवू.

माझा भाचा, म्हणजे नंदोईंचा मुलगा, पुण्याला असतो. त्याचा मला फोन आला. "मामी, बाबाले समजवा. ती खोली मोबाइलच्या दुकानाले द्यायची हाय. दसऱ्याले मी येतो. तवापर्यंत तो डबा चालू झाला तर राहू द्या तिथंच, दुकान पडवीत काढू. नाही तर भंगारवाल्याले बलावतो." मी नंदोईंना जसंच्या तसं सांगितलं. ते मिसळणाचा डबा उघडून स्क्रू मोजत बसले.

भादव्यात मला गुडघा दाखवायला वाशीमला जायचं होतं. नंदोईही निघाले, कॉम्प्युटर शालीत गुंडाळून. एसटीत एका बाईने उठून जागा दिली. तिला वाटलं लेकरू आजारी आहे. यांनी नाही म्हटलं नाही. खिडकी लावून घेतली आणि शाल नीट केली.

स्टेशनजवळ एक चाचा जुने रेडिओ, टीव्ही नीट करतात. त्यांनी झाकण काढलं, चष्मा वर केला आणि हसले. "भाईसाब, आपने तो सब नया डाला है. बीमारी सामने पडी है. इस पट्टी में लाल लाल कुछ जम गया है. रबर से घिसो, अभी चालू." असं म्हणून त्यांनी ब्रश पुढे केला, तर नंदोईंनी त्यांचं मनगट धरलं. या माणसाने जन्मात कोणाचं मनगट धरलेलं मी पाहिलं नव्हतं.

"हात नका लावू," ते म्हणाले.

"तो लाये काहे को?" चाचा म्हणाले. "मुंह दिखाई के लिए?"

नंदोईंनी झाकण लावलं, शाल गुंडाळली आणि मागवलेला चहा न घेता निघाले. चहा मग मीच प्यायले, दोन्ही.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "भाऊजी, तुमाले तो चालू करायचा हाय का नाही?"

"करायचा हाय."

"मंग?"

ते खिडकीतून सोयाबीन पाहत राहिले. दुसऱ्याचं सोयाबीन इतका वेळ कोणी पाहत नाही. घरी आल्यावर मी पाय धुतले, खोलीत गेले आणि म्हटलं, "उघडा. पाहू द्या मले."

त्यांनी उघडलं. आत हिरवी पाटी होती, तिच्यावर काळ्या पट्ट्या. आणि मधोमध एका फटीत लाल. खाली पिवळं, वर लाल, पुन्हा पिवळं, पुन्हा लाल, असे एकावर एक थर. ओलं लावलेलं, ओघळून फटीत गेलेलं आणि वाळलेलं. कडेला बोटाची खूण स्पष्ट होती. बारीक बोट. माझ्या नणंदेची बोटं बारीक होती, तिच्या भाकरीच्या कडा नेहमी फाटायच्या. ती नुसती बोलत नव्हती तर.

"तुमाले माहीत होतं?" मी विचारलं.

"खोळ काढली त्याच दिवशी दिसलं."

"मंग आजवर काय दुरुस्त करून राह्यले?"

"बाकीचं," ते म्हणाले.

मी रडणाऱ्यातली नाही आणि समजूत घालणाऱ्यातलीही नाही. मी म्हटलं, "भाऊजी, दसरा तोंडावर आला. तुमचा पोरगा बोलला तसं करणारा हाय. भंगारवाला हे डबडं नेईन, तवा कुंकू काढून तुमाले देईन का?"

त्यांनी पुष्कळ विचार केला. मग खिशातून खोडरबर काढला. म्हणजे तो आणून ठेवलेला होताच. "तुमी पुसा," ते म्हणाले. "माझ्यानं होत नाही." आणि बाहेर ओट्यावर पाठ करून बसले.

चौथीनंतर मी खोडरबर हातात धरला नव्हता. पण पुसायला काय, आयुष्यभर पुसतच आले. फटीतलं सगळं काढलं. कडेला, जिथे कसली तार नव्हती की काही नव्हतं, तिथली एक टिकली राहिली. ती कोणाच्या मध्ये येत नव्हती.

"झालं का सगळं?" बाहेरून आवाज आला.

"झालं. राह्यलं असंल थोडं तर मले दिसत नाही. डोळे गेले."

माझे डोळे गेलेले नाहीत. मी अजून सुईत दोरा ओवते.

त्यांनी बटण दाबलं. त्याने एकदाच टूं केलं, पंखा घरघरला आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. इंग्रजी होती, मला काय कळणार. त्यांना कळत होती, पण ते वाचत नव्हते.

दसऱ्याला भाचा आला, पाहिलं आणि दुकान पडवीत काढायला कबूल झाला. "पण बाबा, हा करते काय आता?" त्याने विचारलं. खरं तर काही करत नाही. चालू होतो आणि बंद होतो. आमच्या वयाला तेवढं पुरे आहे.

पूजेला नंदोईंनी ताट माझ्यासमोर धरलं. "वहिनी, लावा."

"मी? माझं कपाळ पाह्यलं का?" माझे मालक जाऊन किती वर्षं झाली, ते त्यांना ठाऊक आहे.

"त्याले काय समजते त्यातलं? लावा."

मी बोट ओलं केलं, कुंकवात बुडवलं. आता लावायचंच तर नणंदेसारखं लावावं म्हणून दुसऱ्या हाताने झाकण उचलायला गेले.

"आत नका लावू, वहिनी," ते हळूच म्हणाले. "आत हाय."

मी डबड्याला कुंकू लावलं आणि वर आपट्याचं पान ठेवलं.