बिनविरोध

जर्मनीत आखनला शिकत होते तेव्हा मी आणि एक चिनी मुलगी एका फ्लॅटमध्ये राहायचो. रविवारी सकाळी दोघींचे घरी व्हिडिओ कॉल, आणि स्वयंपाकघर एकच, त्यामुळे माझे बाबा तिच्याही वाट्याला आले. बाबा पुण्यातल्या आमच्या सोसायटीचे चेअरमन, वर्षानुवर्षं बिनविरोध. कोणी उभं राहतंय अशी कुणकुण लागली की त्याला घरी चहाला बोलवायचे. चहा पिऊन माणूस माघार घ्यायचा. आणि हे गृहस्थ त्या पोरीला लोकशाही शिकवायचे! बिनविरोध हा शब्दही तिला त्यांनीच शिकवला, मोठ्या अभिमानाने.

त्या वर्षी तिची आई तिकडे त्यांच्या सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहत होती. लिफ्ट कायम बंद, आजी वरच्या मजल्यावर कोंडलेली, आणि देखभालवाले ढिम्म. आईने रहिवाशांचा ऑनलाइन ग्रुप काढून लिफ्टचे फोटो टाकले. "पूर्वी सरकारच म्हणायचं, नेटवर लिहा, आमच्यावर लक्ष ठेवा, हीच लोकशाही," मैत्रीण सांगायची.

मग एका रविवारी फोटोंसकट ग्रुपच गायब. आईला वस्तीच्या सरकारी कचेरीत चहाला बोलावलं आणि नवी व्याख्या समजावली. खरी लोकशाही म्हणजे आधी सल्लामसलत, मग एकमत. नेटवरचा आरडाओरडा नव्हे. चहा संपेपर्यंत आईचं एकमत झालं.

निवडणुकीनंतरच्या रविवारी बाबांनी हौसेने विचारलं, "काय मग, आईचा निकाल?"

"हरली, अंकल. बिनविरोध," ती म्हणाली, आणि चहाचंही सांगितलं. बोलता बोलता रडली. आजी अजून वरच होती.

बाबांनी हातातला कप खाली ठेवला. "नेट खराब आहे गं," मला म्हणाले आणि कॉल बंद केला. नेट उत्तम होतं. मला इतका राग आला होता की मीही परत लावला नाही.

पुढच्या वार्षिक सभेआधी बाबांनी कोणालाच चहाला बोलावलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उभ्या राहिल्या, मतं मोजली गेली आणि बाबा सपशेल आपटले.

रविवारी मैत्रिणीने घाबरत विचारलं, "अंकल, नंतर घरी कोण आलं होतं?"

"काकू. पेढे घेऊन," बाबा तोंड वाकडं करून म्हणाले.

तिने त्यांना पेढा कॅमेऱ्यासमोर धरायला लावला आणि त्याचा फोटो आईला पाठवला. तो पोचला.