सिलिंडरवाल्याचा खांदा

‘माझ्या चहाच्या भांड्यात हे कोणाचं मुंडकं शिजतंय?’ आई स्वयंपाकघरातून ओरडली.

मुंडकं एका म्हाताऱ्या सेनापतीचं होतं. छोट्या लिंबाएवढं, रबरी प्लास्टिकचं. गरम पाण्यात थोडा वेळ ठेवलं की ते मऊ पडतं आणि मानेच्या खुंटीवरून न फाटता निघतं. मी आईला हे सांगायला गेले, तर ती म्हणाली, ‘काय ते दुसऱ्या भांड्यात कर. आणि कुणी आलं तर सांगत बसू नकोस, मी काय करते म्हणून. आधीच विचारतात लोक.’

सांगत बसण्याचा प्रश्नच नव्हता. मी कुणालाच काही सांगत नाही. ऑफिसात तिसरं वर्ष होतं, तरी शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीला माझ्या या उद्योगाचा पत्ता नव्हता.

उद्योग असा. संग्रहासाठी विकत घेतात त्या फूटभर उंचीच्या ॲक्शन फिगर्स मी घ्यायचे, बहुतेक वेळा कुणीतरी वापरून विकायला काढलेल्या, आणि त्या सुट्या करायचे. मग एकीचं डोकं, दुसरीचं धड, तिसरीचे पंजे असं जोडून नवाच माणूस बनवायचे. जपानी कंपनीचे पंजे सुंदर असतात, नखंसुद्धा दिसतात. चिनी कंपनीचे कपडे चांगले. अमेरिकन धडं मात्र दणकट, बैलासारखी. या सगळ्यांचं एकमेकांशी जमत नाही. एकाच्या मानेची खुंटी जाड, दुसऱ्याच्या डोक्यातलं भोक बारीक. एकाच्या खांद्यात गोळी, दुसऱ्याच्या खांद्यात आकडा. गोंद लावला तर भाग चिकटतात, पण मग सांधा हलत नाही आणि माणूस पुतळा होतो.

बाकीचे लोक योद्धे वगैरे बनवतात. मला आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगच्या गॅलरीतून दिसणारी माणसं बनवायला आवडायची. इस्त्रीवाला. दुपारी खुर्चीत मान टाकून झोपणारा वॉचमन. ज्यांच्याशी मी कधी एक वाक्य बोलले नाही, त्यांचे खांदे मला पाठ असायचे.

पप्पा भांडुपला एका गाळ्यात टर्नर होते. तीस वर्षं एकाच लेथ मशीनवर. एका रविवारी मी सेनापतीच्या त्या डोक्याला मानेवर बसवण्यासाठी खुंटीला टेप गुंडाळत होते. ते मागे येऊन उभे राहिले.

‘ह्यां काय करतंस गो?’

‘सैल आहे. घट्ट करतेय.’

‘टेपान काय होवचां नाय.’ त्यांनी डोकं हातात घेतलं, भोकात करंगळीचं नख घालून बघितलं, धड उलटंसुलटं केलं. ‘खंयचा डोकां, खंयचा धड! उद्या माका दी. गाळ्यात बघतंय.’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी डब्याच्या पिशवीतून एक कागदाची पुडी काढली. आत नायलॉनची पांढरी खुंटी होती. एका टोकाला गोळी, दुसऱ्या टोकाला बारीक खाच. मी डोकं दाबलं. ‘टक्’ असा आवाज आला. सेनापतीने मान वळवली, आणि जिथे वळवली तिथेच ठेवली.

‘सांध्याक प्ले नको, आणि जाम पण नको,’ पप्पा म्हणाले. प्ले म्हणजे सैलपणा, जागेवर हलणं. त्यांच्या कामातला शब्द.

घरात पप्पा मालवणी-मिश्रित बोलतात, मी त्यांना पुस्तकी मराठीत उत्तर देते आणि डोक्यात विचार इंग्रजीत चालू असतो. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे पालकसभेला आई यायची. पप्पा प्रगतिपुस्तक घरीच बघायचे, फक्त शेवटची बेरीज, आणि सही करायचे. आमच्यात भांडण कधी नव्हतं. बोलण्याचं कारणच नव्हतं. त्या खुंटीनंतर कारण मिळालं. ते चहा पिता पिता विचारायचे, ‘कोपर किती?’ मी सांगायचे, ‘सहा पॉइंट दोन.’ ‘गुडघो?’ ‘सात.’ कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते आकडे लिहून घ्यायचे. तेव्हा गाळ्यात काम कमी झालं होतं. मोठ्या ऑर्डरी कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवाल्यांकडे जात होत्या. उरलेल्या रॉडच्या तुकड्यांतून ते माझ्यासाठी सांधे काढायचे. कधी कधी शनिवारी दुपारीच घरी यायचे आणि आईने काही विचारायच्या आत पुडी माझ्यासमोर ठेवायचे.

आमच्या छंदाचा एक ऑनलाइन ग्रुप होता. तिथे एक नियम कुणी न लिहिता सगळे पाळायचे. फिगर दाखवली की तिची रेसिपी द्यायची: डोकं कुठल्या कंपनीचं, धड कुठलं, बूट कुठले. कुणी रेसिपी लपवली तर बाकीचे त्याला चोरच समजायचे. मी या ग्रुपमध्ये फोटो टाकायचे, रेसिपी लिहायचे आणि गप्प बसायचे.

मग मी सिलिंडरवाला बनवला. आमच्याकडे येतो तसाच: कमरेत थोडा वाकलेला, लाल सिलिंडर एका खांद्यावर, एक हात वर. डोकं त्या सेनापतीचंच, मिशी खरवडून काढलेली. सिलिंडर मी पुट्टीचा केला होता आणि तो चांगलाच जड झाला. कुठल्याच कंपनीचा खांदा तो पेलेना. हात हळूहळू खाली यायचा आणि माणूस तोंडावर पडायचा. पप्पांनी चार वेळा खांदा बदलून आणला, मग कंबरही. पाचव्या वेळी तो टेबलावर उभा राहिला, कशाचाही आधार न घेता. आम्ही दोघं बघत राहिलो. आई म्हणाली, ‘त्याला विचारा, आपला सिलिंडर कधी येतोय.’

ग्रुपचे लोक वर्षातून एकदा अंधेरीत एक हॉल घेऊन प्रदर्शन मांडायचे. त्या वर्षी मी नाव दिलं. का दिलं, मला अजून कळलेलं नाही. टेबलावर ठेवायचं रेसिपीचं कार्ड आदल्या आठवड्यात लिहिलं. डोकं, धड, पंजे, पाय, कपडे, चपला. सगळ्या कंपन्यांची नावं आली. सांध्यांपाशी पेन थांबलं. परदेशी कंपन्यांच्या त्या रांगेत ‘माझे वडील’ असं लिहिणं मला बालिश वाटलं, शाळेतल्या निबंधासारखं. मी ‘मिसलेनियस’ लिहिलं.

प्रदर्शनाला पप्पा सोबत आले. खोकं जपून न्यायला हवं, असं म्हणाले. खरं तर त्यांना बघायचं होतं. त्यांनी लग्नाकार्याचा शर्ट घातला होता. हॉलमध्ये सगळे इंग्रजीत बोलत होते. पप्पा माझ्या मागे एक पाऊल अंतरावर, रिकामं खोकं दोन्ही हातांत धरून उभे राहिले.

दुपारी घाटकोपरचे एक गृहस्थ आमच्या टेबलाशी आले. पांढरी दाढी, गळ्यात चष्मा. ग्रुपमधले सगळ्यात जुने, आणि त्यांचं मत सगळे मानायचे. त्यांनी सिलिंडरवाल्याचा हात एका बोटाने खाली दाबला, वर नेला, सोडला. हात राहिला. पुन्हा केलं. मग कार्ड वाचलं.

‘हे मिसलेनियस म्हणजे काय?’ त्यांनी इंग्रजीत विचारलं. ‘इतक्या वर्षांत असा सांधा मी पाहिलेला नाही. कुणी केलाय?’

मी म्हणाले, ‘रेडीमेड आहेत. ऑनलाइन मिळतात. बाहेरचा एक विक्रेता आहे.’

‘लिंक पाठव मला. आम्हाला सगळ्यांनाच लागतील. शंभर तर मीच घेईन.’

मी मान हलवली. ते पुढच्या टेबलाकडे गेले.

मला वडिलांची लाज वाटली, असं लिहून मोकळं होता येईल. पण ते पूर्ण खरं नाही. खरं उत्तर दिलं असतं तर ते गृहस्थ पप्पांकडे वळले असते. पप्पा खूश होऊन मोडक्या हिंदीत लेथ, रॉड, व्हर्नियर असं सगळं सांगत बसले असते, चार माणसं जमली असती, आणि मला मध्ये उभं राहून दोन्ही बाजूंचं भाषांतर करावं लागलं असतं. मला ती दहा मिनिटं नको होती. एवढंच. दहा मिनिटं बोलायला लागू नये म्हणून मी ते वाक्य बोलले. मागे वळून पाहिलं नाही, म्हणून पप्पांचा चेहरा तेव्हा कसा झाला होता तेही मला माहीत नाही.

परत येताना रिक्षात खोकं त्यांच्या मांडीवर होतं. पवई ओलांडल्यावर ते म्हणाले, ‘असले रेडीमेड मिळतत?’

त्यांच्या आवाजात राग नव्हता. नुसतं आश्चर्य होतं. मी बाहेर बघत राहिले.

‘माझे काढलंस तां बरां केलंस,’ ते म्हणाले. ‘त्या डाव्या खांद्याचो माका भरवसो नव्हतो. सगळ्यांसमोर तो पडलो असतो तर वाट लागली असती तुझी.’

तेव्हा मला समजलं की माझ्या बोलण्यातलं ‘रेडीमेड’ त्यांनी ऐकलंय आणि खरं मानलंय. फिगरवर कपडे होते, आतला सांधा दिसत नव्हता. मी गुपचूप त्यांचे सांधे काढून बाजारातले चांगले बसवले, असं त्यांना वाटत होतं. आणि त्यात त्यांना काही वावगंही वाटत नव्हतं. तिथल्या तिथे ‘नाही हो पप्पा’ म्हणता आलं असतं. रिक्षाचा आवाज खूप होता, असं मी नंतर स्वतःला सांगत राहिले.

महिन्याभराने मला मनगटाची खुंटी हवी होती. मी माप सांगितलं. पप्पांनी कॅलेंडर काढलं नाही.

‘रेडीमेड मागव ना,’ ते म्हणाले. ‘कारखान्यातलो माल तो. माझ्यापेक्षा बरोच असतलो. मी आपलो अंदाजान मारतंय.’

‘तुमचे चालतील,’ मी म्हणाले.

‘चालतील कशाक? चांगला मिळता तर चांगला घे.’

माझ्यासाठीच बोलत होते ते. दाढीवाल्या गृहस्थांनी लिंकसाठी दोनदा मेसेज केला. दोन्ही वेळा मी तो वाचला आणि तसाच ठेवला. तिसऱ्यांदा येईल या भीतीने ग्रुप सोडला. पप्पा त्यानंतरही वर्षभर भांडुपला जात होते. घरी आले की हात धुऊन टीव्हीसमोर बसायचे. मग मालकाने गाळा विकला. लेथ मशीन टेम्पोत चढवून कुठेतरी वसईकडे गेलं. ‘चारजणांनी उचलल्यान,’ एवढंच पप्पा म्हणाले.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. मधली दोन वर्षं मी फिगर्सना हात लावला नाही. यंदा पुन्हा एक करायला घेतली: बाकड्यावर बसून वाटाणे सोलणारी बाई. आणि सांधे खरोखरच ऑनलाइन मागवले. ते आले, बसवले, आणि बाईचा हात खाली लोंबकळला. पप्पा शेजारी पेपर वाचत होते. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी हात हलवून पाहिला.

‘रेडीमेडमध्येपण प्ले?’

‘हो.’

‘मगे तुझे ते चांगलेवाले मागव ना. अंधेरीक होते ते.’

मी हातातला चिमटा खाली ठेवला. ‘पप्पा, ते तुमचेच होते.’

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. काढले नव्हते, बदलले नव्हते, खांदा तुम्ही केलेलाच होता, मी खोटं बोलले. वाक्यं तुटक येत होती आणि मी टेबलाकडे बघून बोलत होते. का बोलले ते त्यांनी विचारलं नाही. विचारतील म्हणून मी किती दिवस उत्तर तयार करत होते.

‘म्हणजे तो दाढीवालो हात दाबून बघी होतो, तो माझोच खांदो?’

‘हो.’

‘तो काय बोललो? नीट सांग. इंग्लिशमध्ये बोललो ना तो.’

मी सांगितलं. इतक्या वर्षांत असा सांधा पाहिला नाही, असं म्हणाले. पप्पांनी पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पेपरची घडी घातली.

‘आणि तां लिंक काय होतां?’

‘त्यांना असे सांधे हवे होते. विकत. शंभर तरी घेईन म्हणाले. बाकीच्यांनाही लागणार होते.’

पप्पांनी बाईचा तो लोंबता हात बोटाने वर उचलून धरला, सोडला, पुन्हा धरला.

‘शंभर म्हणजे दोन दिवसांचा काम,’ ते म्हणाले. ‘तेव्हा मशीन रिकामाच होता गो.’

‘हो,’ मी म्हणाले.