हरिबाच्या पाळीची फवारणी

"आवं भावजी, पंपात काय हुतं?"

"बांधाला मारतो तेच, वैनी. तणाचं औषध."

"आन् मारलं कुठं?"

हरिबानं हनुवटीनं पाणथळाकडं दाखवलं. तोंडावर काम उरकल्याचं समाधान होतं.

राहीबाईनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली. पाणकणसं हिरवीगार उभी होती, पात्यांवर थेंब चकाकत होते. आज हिरवीच दिसणार. हे औषध पानातनं सावकाश मुळात उतरतं आणि आठवड्यानं सगळं करपून जातं, हे ऊसवाल्याच्या घरात पोरासोरालाही ठाऊक.

राहीबाई मान्यांची सून होऊन आली तेव्हा इथं नुसती दलदल. गावची गटार इथंच येऊन मरायची. वरच्या उसाला पाणी पाजून पाजून खाली तिचं रान मिठानं पांढरंफटक पडलं, गवतसुद्धा धरेना. मग गावानं श्रमदानानं गाळ उपसला, पाणकणसं लावली. तिचा लेक जयराज कुपवाडला कारखान्यात कामाला. त्यानं दुचाकीवरनं रिकामे निळे कॅन आणले, त्यावर बांबू बांधून कर्दळीचे तराफे सोडले. आता गटारीचं पाणी या मुळ्यांतनं निवळून फळीच्या दारानं खालच्या तळ्यात जातं, तिथं गावची जित्राबं पाणी पितात. राखण राहीबाईची, साफसफाईला मात्र पाटाच्या पाण्यासारखी घरटी पाळी.

या आठवड्याची पाळी हरिबाची, तिच्या धाकट्या दिराची. त्याच्या रानात तणाची काडी दिसायची नाही. पाहुणा आला की हा आधी बांध दाखवतो, मग चहा पाजतो. पाणकणसांत त्याला गवतच दिसलं. पाळी चोख व्हावी म्हणून पदरचं औषध घातलं गड्यानं.

"लय माजलं हुतं," तो म्हणाला, पण आवाज खाली गेला होता.

राहीबाई तोवर दाराशी पोचली होती. तिनं फळी पाडली, फटीत चिखल थापला. अलीकडं फेस साचला होता. पलीकडं किती गेलं, ते पाण्याकडं बघून कळेना. ऊन कलत होतं. आता जित्राबं येणार, पुढं बिराप्पाच्या म्हशी, त्या कुणासाठी थांबत नाहीत. आणि हे पाणथळ मुरूम टाकून बुजवा, वर हॉल बांधा, म्हणणारे गावात अजून होतेच. एक म्हैस आडवी झाली तर उद्या ट्रॅक्टर आणतील.

हरिबाचं म्हणणं, औषध मुळात उतरायच्या आत दोघंच पाणकणसं कापून टाकू, गावभर बोभाटा कशाला.

"भोंग्यावर जाऊन सांगा," राहीबाई म्हणाली. "जित्राबं घरीच पाजा म्हणावं. कापल्याला पाला कुणी वैरणीला न्यायाचा न्हाई म्हणावं. आन् कुणी मारलं, ते बी."

"माझं नाव घ्यू?"

"मग काय माझं? नाव न्हाई घेतलं तर गाव म्हणंल, गटारीचंच इख हाय."

पंप तिथंच टाकून तो गेला. जरा वेळानं देवळावरचा भोंगा खरखरला, खाकरला. हरिबानं आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग बाकीचं. वस्तीवरनं कुणीतरी ओरडलं, "हरिबा, आता आमचा बांध बी मारून दे की." दोन-चार बायका मात्र विळे घेऊन उतारानं येताना दिसल्या.

वाटेवर म्हशींच्या घंटा वाजत होत्या. वळणावर आवाज थांबला; म्हशी मागं फिरल्या, की वाराच पडला, समजेना.

राहीबाईनं हातांना खताच्या पिशव्या गुंडाळल्या, लुगडं खोचलं, गुडघाभर पाण्यात उतरली. एक पाणकणीस मुळासकट उपटून बघितलं. मूळ पांढरं होतं. आज पांढरंच असणार. तिनं ते काठावर फेकलं आणि पुढच्या बुडख्याला विळा लावला.