आउलिस मास्तरांचं प्रगतिपुस्तक

आउलिस केटोला मास्तर खूश झाले की कसे दिसतात, हे राउतालाह्तीत कुणालाच सांगता येणार नाही. चिडले की कसे दिसतात, ते मात्र गावाला पाठ आहे. टोपी मागे सरकते, ओठ आत ओढले जातात आणि नाकातून एक लांब श्वास बाहेर पडतो. बर्फाच्या मैदानाच्या उत्तर टोकाला, गोलाच्या मागे, उभ्यानं खेळ बघणाऱ्यांच्या जागेत हा श्वास एकोणचाळीस हिवाळे सोडला जातोय. पलीकडे गाद्यांच्या खुर्च्या आहेत. पण गादीवर बसून हॉकी बघणाऱ्याला हॉकीतलं काही कळतं, यावर मास्तरांचा विश्वास नाही.

शाळेत चौतीस वर्षं त्यांनी लाकूडकाम शिकवलं. पाठीमागे हात बांधून ते बाकांमधून फिरायचे आणि ज्याच्यापाशी थांबतील त्याचं काही खरं नसायचं. "हा स्टुलाचा पाय आहे की मुळा?" "हे जोडलंस की नुसतं शेजारी शेजारी ठेवलंस?" पण एखाद्याचं काम खरोखर जमलेलं असलं, तर मास्तर तिथे थांबत नसत. एक नजर टाकायची आणि पुढे. ती पोरं घरी पळत जायची. "आज मास्तर काहीच बोलले नाहीत," असं सांगितलं की आई त्या दिवशी वेलचीचे पाव भाजायची. आजही गावात पन्नाशीची माणसं आल्यागेल्याला घरातलं जुनं स्टूल दाखवून सांगतात, की याच्यावर मास्तर काही बोलले नव्हते.

गावच्या संघाचं नाव सुतारपक्षी. या संघाचं प्रगतिपुस्तक मास्तर लिहितात आणि हंगाम संपल्यावरच्या शनिवारी ते गावच्या वर्तमानपत्रात छापून येतं. बावीस वर्षं हे चाललंय. शाळेतल्यासारखेच चार ते दहा गुण. चार म्हणजे नापास, आणि चाराच्या खाली आकडा नाही ही मास्तरांची जुनी तक्रार. गुणांपुढे शेरा. मारलेले गोल ते मोजत नाहीत. सप्टेंबरात पहिल्या सरावाला जाऊन कुणाकडून काय मागायचं ते वहीत लिहून ठेवायचं आणि एप्रिलमध्ये ते मिळालं का ते बघायचं. एकोणीस वर्षांच्या पोराकडून कप्तानाची अक्कल मागायची नाही, आणि चौतिशीतल्या कप्तानाला पळत नाही म्हणून झोडायचं नाही. पण जे मागितलं ते मिळालंच पाहिजे. यात अन्याय आहे असं आजवर एकाही खेळाडूला म्हणता आलेलं नाही, आणि म्हणूनच सगळे त्यांच्यावर खार खाऊन असतात.

यंदा पंधरा संघांत सुतारपक्षी पंधरावे येणार, असं देशातल्या झाडून सगळ्या जाणकारांनी लिहिलं होतं. मास्तरांनी वहीत लिहिलं, "तेरावे. फार झालं तर बारावे." आणि संघ आला पाचवा. पुढच्या बाद फेरीत सातव्या, म्हणजे शेवटच्या, सामन्यापर्यंत झुंजला आणि जादा वेळेत एका गोलानं हरला. दुसऱ्या कुठल्या गावात यावर मिरवणूक निघाली असती. राउतालाह्तीत मात्र सगळा हिवाळा मास्तरांचा श्वास ऐकू येत राहिला.

"समोरचा एक माणूस शिक्षा भोगत काचेत बसलाय," फेब्रुवारीतल्या एका शनिवारी तळ्याकाठच्या सार्वजनिक सौनात म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, वरच्या फळीवर घामाघूम बसून मास्तर सांगत होते. "आपले पाच, त्यांचे चार. आणि आपले पाच जण करतात काय? चकती एकमेकांना देतात. तू घे, नको, तूच घे. जणू कॉफीला साखर फिरवतायत."

"पण काल जिंकलो ना," एन्सियो म्हणाला. हा निवृत्त बसचालक मास्तरांचा जुना मित्र, म्हणजे त्यांचं ऐकून घ्यायला शेवटपर्यंत फळीवर बसून राहणारा एकटा माणूस.

"जिंकलो. म्हणून काय झालं?"

"पाचवे आहोत, आउलिस."

"मला मोजता येतं."

एन्सियोनं तापलेल्या दगडांवर एक डाव पाणी ओतलं. "तू स्वर्गात गेलास ना, तर आधी दाराच्या बिजागऱ्या तपासशील."

"तपासायलाच हव्यात. ढगात ओल असणार. लाकूड फुगतं."

या सगळ्यातून एकच माणूस सुटला होता, आणि ते मास्तरांच्या स्वतःच्याही फार उशिरा लक्षात आलं. प्रशिक्षक वेड कोवालचक. कॅनडातल्या गव्हाच्या सपाट मुलुखातला, रुंद खांद्यांचा, मोठ्यानं हसणारा. गावात त्याचा हा तिसरा हंगाम. भाषा बरीच शिकला होता, मोडकीतोडकी का होईना. सुरुवातीला मास्तरांना तो डोळ्यांसमोर नको असायचा, कारण हा माणूस उठता बसता कौतुक करायचा. कुणी बर्फावर धडपडून उभं राहिलं तरी "झकास". कुणी बुटाची नाडी बांधली तरी "कमाल केलीस".

"असं कौतुक वाटत सुटला तर खऱ्या कामाच्या दिवशी याच्याकडे काय उरणार?" मास्तर तेव्हा वैतागून हेल्वीला म्हणाले होते. हेल्वी म्हणजे त्यांची बायको. टपाल कचेरीतून निवृत्त झालेली, मोजकं बोलणारी.

पण तीन वर्षांत वेडनं जे केलं ते मास्तरांना दिसत होतं. दुसऱ्या संघांनी टाकून दिलेली पोरं त्यानं उचलली. गोलरक्षक तर आदल्या वर्षी लाकडाच्या वखारीत कामाला लागला होता. त्या पोरांना मागे वळून बचावाला यायला वेडनं शिकवलं, पडल्यावर न रुसता उठायला शिकवलं, आणि शेवटच्या मिनिटाला डोकं शांत ठेवायलाही. मास्तरांच्या वहीत कोवालचकच्या नावाखाली सप्टेंबरनंतर पान कोरंच होतं. दुकानात भेट झाली की वेड विचारायचा, "काल संघ कसा?" मास्तर म्हणायचे, "बर्फ बरं होतं." याहून जास्त चांगलं ते आयुष्यात कुणाबद्दल बोलले नव्हते. वेड हसायचा आणि दुधाचा डबा घेऊन निघून जायचा.

एप्रिलमध्ये, प्रगतिपुस्तकाच्या आठवड्यात, मार्केटा दारात उभी राहिली. ती क्लबची व्यवस्थापक आणि मास्तरांची जुनी विद्यार्थिनी. हेल्वीनं तिच्यापुढे रावस माशाचं सूप ठेवलं. तिनं चमचा उचललाच नाही.

"वेडला स्वित्झर्लंडहून बोलावणं आलंय. आम्हीही दोन वर्षांचा करार पुढे केलाय. त्याची बायको म्हणते, या गावाला आपण हवे आहोत का, तेच कळत नाही. तीन वर्षांत कुणी काही बोललं नाही म्हणे. तेव्हा तो म्हणतो, शनिवारी प्रगतिपुस्तक येईल, ते बघू आणि ठरवू."

"मग?"

"मग जरा मनापासून लिहा, मास्तर."

"आजवर काय मी पोटापासून लिहीत होतो?"

"गुण वाढवा असं म्हणत नाहीये मी. पण तो गेला तर पुढच्या वर्षी आपण खरंच पंधरावे. पंधरावा खाली जातो. खालच्या गटातली ती नऊ वर्षं तुम्हाला मी सांगायला हवीत का?"

सांगायला नकोच होती. उत्तर टोकाला चाळीस माणसं उरली होती तेव्हा. मैदान इतकं रिकामं की चकती कुंपणावर आपटली की आवाज दोनदा ऐकू यायचा. मास्तरांनी ती नऊ वर्षं उभ्यानं काढली होती. आता ते त्र्याहत्तरचे होते, आणि पुन्हा तशी नऊ वर्षं काढायला त्यांच्याजवळ वर्षं नव्हती. हे त्यांनी मार्केटाला सांगितलं नाही. "सूप निवतंय," एवढंच म्हणाले.

दोन दिवस ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सुताराची चपटी पेन्सिल घेऊन बसले. कप्तानाला सात, "गुडघा दुखतो हे मान्य, तोंड का दुखतं ते कळत नाही." गोलरक्षकाला आठ, आणि डाव्या हातमोज्यावर चार ओळी, कारण सातव्या सामन्यातला गोल त्याखालून गेला होता. पाचास चारच्या खेळाला पाच, तेही दयेनं. शेवटी प्रशिक्षकाचं नाव आलं आणि पेन्सिल थांबली. "कष्टाळू" लिहून खोडलं. "अपेक्षेपेक्षा" लिहिलं आणि तेही खोडलं, कारण असं काही लिहिणं म्हणजे माणसाला चारचौघांत उघडं करणं. बऱ्याच वेळानं त्यांनी गुणांच्या जागी रेघ मारली आणि पुढे लिहिलं, "शेरा नाही."

हेल्वीनं ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"खरंच?"

"खरंच."

त्या संध्याकाळी तिनं वेलचीचे पाव भाजले.

शनिवारी वर्तमानपत्र आलं आणि गाव हादरलं. बावीस वर्षांत मास्तरांनी असं कुणाबद्दल लिहिलं नव्हतं. लोकांनी एकमेकांना फोन केले. सौनात एन्सियो दगडांवर पाणी ओतत म्हणाला, "म्हातारपणी हळवा झालास." मास्तरांनी त्याला सरकून बसायला सांगितलं. त्या दिवशी घरी जाताना ते वाटेत उगाच दोनदा थांबले, वितळत्या बर्फातून वर आलेली खडी बघत. काम झालं होतं. माणूस राहणार होता.

रविवारी सकाळी मार्केटाचा फोन आला.

"त्यानं सही केली, मास्तर. स्वित्झर्लंडची."

"कधी?"

"काल दुपारी. वर्तमानपत्र वाचून." तिचा आवाज बसला होता. "म्हणाला, गोलरक्षकाच्या हातमोज्यावर चार ओळी आहेत आणि माझ्यावर एक शब्द नाही. मला गुणही दिले नाहीत."

"अगं पण त्याचा अर्थ..."

"मला ठाऊक आहे अर्थ. मी वाचलं आणि रडले. आईला फोन करून सांगितलं. गावात सगळ्यांनी तेच केलं, मास्तर. त्याला एकट्याला जाऊन सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

मास्तरांनी फोन ठेवला आणि टोपी मागे सरकवली, डोक्यावर टोपी नव्हती तरी. मग ते बोलत सुटले. मार्केटावर चिडले, अडतीस वर्षांची बाई, तिला एवढं कळू नये? वर्तमानपत्रावर चिडले. कॅनडावर चिडले, जिथे नाडी बांधल्याचं कौतुक करतात आणि माणसाला गप्प बसलेलं ऐकू येत नाही. तीन वर्षं इथे काढली, आमचं सूप खाल्लं, आमच्या गोठलेल्या तळ्यात भोक पाडून डुबकी मारली, आणि एवढं साधं वाचता येऊ नये? हेल्वी भांडी पुसत होती.

"माझ्या हातचं सूप चांगलं असतं हे मला कळायला अकरा वर्षं लागली," ती म्हणाली. "त्याला तीनच मिळाली."

मास्तरांनी टोपी शोधली. मग कोट चढवून निघाले.

वेडच्या घरात पुठ्ठ्याची खोकी होती, बुडं अजून न चिकटवलेली. तो दारात मोज्यांवर उभा होता आणि पहिल्यांदाच हसत नव्हता.

"मास्तर. ये. कॉफी?"

"नको." मास्तर पायपुसण्यावरच थांबले. बूटही काढले नाहीत. त्यांनी टोपी हातात घेतली आणि तिच्याकडे बघत बोलायला सुरुवात केली, कारण माणसाकडे बघून हे बोलता येणं शक्य नव्हतं. "तुझ्याआधी अकरा प्रशिक्षक पाहिले. तुझ्यासारखा एकही नव्हता. लोकांनी फेकून दिलेली पोरं तू उभी केलीस. यंदा सामना संपल्यावर मी चालत घरी जायचो, बसनं नाही. घरी लवकर पोचू नये असं वाटायचं. मला... मला फार आनंद झाला यंदा. गावालाही झाला. तू जाऊ नये असं वाटतं."

मास्तरांचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता. वरच्या खोलीत कुणीतरी खोकं सरकवत होतं, ते थांबलं.

"सही केली मी," वेड म्हणाला. "काल. आता परत नाही होत."

"माहीत आहे."

"तीन वर्षं मी वाट पाहतो, कुणी एक माणूस असं म्हणेल. एक." त्याला शब्द सापडत नव्हते, की सापडलेले पुरत नव्हते. "मी राहिलो असतो, मास्तर. हे तू वर्तमानपत्रात का नाही लिहिलंस?"

वर्तमानपत्र दाराशेजारच्या फळीवरच पडलं होतं, शनिवारचं. मास्तरांनी ते उचललं, घडी उलगडली आणि अगदी तळाच्या ओळीवर बोट ठेवून वेडपुढे धरलं.

"लिहिलंय," ते म्हणाले. "हे काय, इथे."