विनूचा हर्निया

सर्जनकडे लोक आजार घेऊन येतात आणि किस्से ठेवून जातात. कुडाळच्या माझ्या दवाखान्यात असे बरेच साठलेत. हे सगळे विनूचे. नाव बदललंय. आमच्या गावात त्याचा काही उपयोग नाही, पण बदललंय.

*

विनू पाण्याचे पंप दुरुस्त करतो. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही, आणि त्याची आई आता दुसऱ्या लग्नाचं बोलायला लागलेली. पहिल्या भेटीत त्याने बायकोच्या, सुलभाच्या रिपोर्टांची पिशवी टेबलावर ठेवली. सगळे नॉर्मल.

"तुझे कुठायत?"

"माका काय झाला नाय, डॉक्टरांनू. तपासण्या हिच्याच करा."

सुलभा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

*

शेवटी विनूला तपासलं. व्हेरिकोसील. मी दोघांनाही समजावलं, "डाव्या वृषणाच्या वरच्या शिरा फुगल्यात. त्यांच्यातल्या झडपा नीट लागत नाहीत, रक्त उलटं येऊन साचतं. वृषणं गरम होतात, शुक्रजंतू कमी होतात."

"म्हणजे वॉल्व्ह गेलो."

"हो."

"मगे नवो घाला."

"नवा मिळत नाही. खराब शिरा बांधून टाकतात, रक्त चांगल्या शिरांनी जातं. बऱ्याच जणांना फरक पडतो, सगळ्यांना नाही."

त्याने शर्ट नीट खोचला आणि म्हणाला, "घराकडे हर्निया म्हणान सांगतंय."

*

पुढच्या खेपेला कमरेला हर्नियाचा पट्टा बांधून आला.

"हा कशाला?"

"काकान आपलो दिल्यान. नाय बांधलंय तर संशय येतलो."

*

ऑपरेशनआधी देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरलं. आमच्याकडे गुरव आपलं मागणं देवापुढे मोठ्याने मांडतो आणि जमलेला गाव होकार भरतो. मीही होतो. विनूच्या आईने नारळ सुनेच्या हातात दिला. "तुझी कूस उजवांदे म्हणान सांग."

सुलभा पदर सावरून गुरवाच्या कानाशी बराच वेळ बोलली. गुरवाने विनूकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी देवाकडे बघितलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या विनायकाच्या डाव्या अंडाच्या शिरा फुगल्यासत. सुनेत काय दोष नाय. ह्येचा ऑपरेशन बरा होवंदे आणि घरात पोर खेळांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा गाव गरजला.

विनूची आई सगळ्यांत शेवटी म्हणाली. पण म्हणाली.